१.६ या आकड्यावर साखरपुडा मोडावा का?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): मी ३१ वर्षांचा आहे, ठाण्यात वर्तकनगरला आईसोबत राहतो आणि ऐरोलीला नोकरी करतो. १४ जूनला एका जुन्या मैत्रिणीशी एकदाच शरीरसंबंध आला. निरोध वापरला होता, मात्र मुखमैथुनाच्या वेळी वापरला नव्हता. तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला, “मला हर्पीस निघालाय, तूही तपासून घे.” ८ जुलैला मी घरी माणूस बोलावून रक्त दिले. रिपोर्ट असा आहे: एचएसव्ही (हर्पीसचा विषाणू) १ व २ एकत्रित आयजीएम १.३, पॉझिटिव्ह, एचएसव्ही-१ आयजीजी २८.४, पॉझिटिव्ह, एचएसव्ही-२ आयजीजी १.६, पॉझिटिव्ह. फोड, जखम काही नाही. जून अखेरीपासून जांघेत खाज आहे, त्यावर मेडिकलमधून मलम आणून लावतो. जवळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून न तपासताच असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या आठवडाभराच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या अजून घेतलेल्या नाहीत. तपासणी घरच्या अॅपवरून बुक केल्यामुळे रिपोर्ट आईच्या मोबाइलवर गेला. तिने विचारले, “हर्पीस म्हणजे नागीण ना रे?” मी ‘हो’ म्हणालो. आता ती गावाकडे नागिणीवर लेप देणाऱ्या बाईंकडे चल म्हणून मागे लागली आहे. जुलैमध्येच माझे लग्न ठरले आणि तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा आहे. मला हर्पीस झाला आहे का? मुलीला नकार कळवून मोकळे व्हावे का?

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना रिपोर्टातले तीन आकडे वेगळ्या कागदावर उतरवून घेतले, कारण तुमच्या साऱ्या काळजीचा भार या तीन ओळींवर आहे. तीनही ओळींपुढे ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द ठळक अक्षरांत छापलेला असला, तरी त्यांचे अर्थ तीन निरनिराळे आहेत. तुमच्या प्रश्नाशी खरा संबंध फक्त तिसऱ्या ओळीचा आहे, आणि ती ओळ आजच्या घडीला ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही.

पहिली ओळ आयजीएमची. नवा जंतू शरीरात शिरला की आधी आयजीएम जातीच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढणारी प्रथिने, तयार होतात आणि त्यामागून आयजीजी येतात, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. डेंगीत किंवा दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत आपण डॉक्टर मंडळी आयजीएमवर भरवसा ठेवतो तो त्यामुळेच. हर्पीसच्या बाबतीत हे गणित बिघडते. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंच्या गाठींमध्ये मुक्काम ठोकतो आणि अधूनमधून जागा होतो. त्यामुळे दहा-वीस वर्षांपूर्वीच्या संसर्गातही आयजीएम पुन्हा वर येऊ शकते. शिवाय ही चाचणी एक आणि दोन या प्रकारांतला फरक ओळखत नाही. तुमच्या रिपोर्टात तर दोन्ही प्रकार एकाच ओळीत कोंबलेले आहेत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, लैंगिक संसर्गांवरील २०२१च्या मार्गदर्शिकेत हर्पीससाठी आयजीएम चाचणी वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही आपल्याकडच्या पॅकेजांमध्ये ती असतेच, आणि गरोदरपणातल्या ‘टॉर्च’ तपासणीमुळे तर कितीतरी बायकांच्या फायलींमध्ये ती विनाकारण जाऊन बसलेली असते. तुम्ही ही पहिली ओळ पेनाने खोडून टाका. हे मी अक्षरशः म्हणते आहे, कारण ती कागदावर राहिली की रात्री दोन वाजता तुम्ही पुन्हा तीच वाचत बसाल.

दुसरी ओळ एचएसव्ही-१ची. २८.४ हा आकडा मोठा दिसतो, पण तो घाबरण्याजोगा नाही. एचएसव्ही-१ म्हणजे तापानंतर किंवा उन्हातून आल्यावर ओठाच्या कडेला ज्या पुटकुळ्या येतात, आणि घरात ज्याला ‘ताप बाहेर पडला’ असे म्हणतात, त्याचा विषाणू. तो बहुतेकांना लहानपणीच मिळतो, कुणाच्या तरी मुक्यातून किंवा लाळेतून, आणि पुष्कळांना आयुष्यात एकही पुटकुळी येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे दर शंभरांतल्या ६४ जणांना, हा विषाणू आहे. संध्याकाळी ठाणे स्थानकाच्या दहा नंबर फलाटावर ट्रान्स-हार्बर गाडीतून उतरणाऱ्या गर्दीचे रक्त तपासले, तर दर तिघांतल्या एक-दोघांच्या रिपोर्टात ही ओळ तुमच्यासारखीच ठळक यावी. १४ जून ते ८ जुलै या चोवीस दिवसांत इतका वर चढलेला आकडा सहसा दिसत नाही. त्यामुळे हा संसर्ग जुना, बहुधा तुमच्या बालपणीचा असण्याची शक्यता फार मोठी आहे. तो ओठात आहे की आणखी कुठे, हे रक्त सांगू शकत नाही. मात्र या दुसऱ्या ओळीचा तुम्हाला एक फायदा आहे, त्याकडे मी पुढे येईन.

आता तिसरी ओळ, एचएसव्ही-२ आयजीजी १.६. एचएसव्ही-२ म्हणजे मुख्यतः शरीरसंबंधातून पसरणारा आणि जननेंद्रियांवर पुटकुळ्या आणणारा प्रकार. हा आकडा म्हणजे विषाणूची संख्या नव्हे, हे आधी समजून घ्या, कारण ‘१.६ म्हणजे थोडासाच हर्पीस’ असा अर्थ काढणारे लोक मी पाहिलेले आहेत. प्रयोगशाळेत एक प्लास्टिकची पट्टी असते आणि तिच्यात करंगळीच्या नखाएवढ्या खळग्यांच्या रांगा असतात. खळग्यांच्या तळाशी एचएसव्ही-२च्या आवरणावरचे एक विशिष्ट प्रथिन चिकटवलेले असते. त्यात तुमच्या रक्तातला सीरम टाकतात. त्या प्रथिनाला धरून बसणाऱ्या अँटिबॉडी असल्या तर त्या तिथे चिकटतात, बाकीचे धुऊन जाते, आणि मग रंग देणारे रसायन टाकले की खळगा पिवळा होतो. पिवळेपणा किती गडद आहे ते यंत्र मोजते, त्याला ठरावीक नमुन्याच्या पिवळेपणाने भागते, आणि जो भागाकार येतो तो तुमच्या रिपोर्टात छापला जातो. ०.९च्या खाली निगेटिव्ह, ०.९ ते १.१ संदिग्ध आणि त्यावर पॉझिटिव्ह, अशी विभागणी बहुतेक किटांवर असते. म्हणजे १.६ हा फिकट पिवळा रंग आहे. एवढ्या फिकट रंगाला दुसऱ्याच कुठल्या तरी अँटिबॉडीचे किरकोळ चिकटणेही पुरते, आणि ज्यांच्या रक्तात एचएसव्ही-१च्या अँटिबॉडी आधीपासून आहेत त्यांच्यात असा खोटा पॉझिटिव्ह अधिक आढळतो.

हे माझे वैयक्तिक मत नाही. सीडीसीच्या त्याच मार्गदर्शिकेत एका प्रचलित एलायझा, म्हणजे वर सांगितलेल्या पिवळ्या खळग्यांच्या पद्धतीच्या, किटबद्दल दिले आहे की १.१ ते ३.० या पट्ट्यातल्या निकालांची विशिष्टता जेमतेम ३९.८ टक्के भरली, आणि ३.०च्या वरच्या निकालांचीही ७८.६ टक्केच. विशिष्टता म्हणजे ज्याला आजार नाही त्याला ‘नाही’ म्हणण्याची चाचणीची कुवत. ती इतकी कमी असेल तर त्या पट्ट्यातला ‘पॉझिटिव्ह’ शब्द कुठल्याही निर्णयाचा पाया होऊ शकत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२३ मध्ये एचएसव्ही-२च्या रक्तचाचण्यांतील खोट्या पॉझिटिव्ह निकालांबद्दल डॉक्टरांना आणि प्रयोगशाळांना सावध केले होते. लक्षणे नसलेल्या लोकांची सरसकट हर्पीस रक्ततपासणी करू नये, अशी तिथल्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाची शिफारसही त्याच वर्षी कायम राहिली. आपल्याकडे मात्र ‘संपूर्ण गुप्तरोग पॅकेज’ म्हणून ही चाचणी सवलतीत विकली जाते, आणि रिपोर्ट आल्यावर समजावून सांगायला कुणी नसते. माझ्या दवाखान्यात येणारे असे निम्मे कागद मुळात काढायलाच नको होते.

तरीही १.६ हा खोटाच आहे असे मी सांगणार नाही. तुमचे रक्त २४व्या दिवशी घेतले आहे. संसर्ग खरोखर झाला असेल तर बहुतेकांच्या रक्तात आयजीजी काही आठवड्यांत दिसू लागते, काहींना तीन महिने लागतात, आणि चढत्या काळात आकडा असाच एक-दीडच्या घरात असू शकतो. म्हणजे हाच आकडा चढत्या खऱ्या संसर्गाचाही असेल आणि स्थिर खोट्या पॉझिटिव्हचाही. एकाच फोटोवरून गाडी फलाटावर येते आहे की उभी आहे हे कळत नाही. त्यासाठी थोड्या वेळाने दुसरा फोटो काढावा लागतो. १४ जूनपासून १२ आठवडे ६ सप्टेंबरला पूर्ण होतात. त्यानंतर आणखी एक आठवडा जाऊ द्या आणि १३ सप्टेंबरच्या सुमारास फक्त एकच चाचणी करा: एचएसव्ही-२, टाइप-स्पेसिफिक (म्हणजे प्रकार एक आणि दोन वेगळे ओळखणारी), आयजीजी. आयजीएम नको, एकत्रित चाचणी नको आणि पॅकेजही नको. तोपर्यंत दर आठवड्याला रक्त देऊ नका. दर वेळी आकडा १.४, १.७, १.५ असा हलेल, आणि प्रत्येक हालचालीचा तुम्ही अर्थ लावत बसाल.

सप्टेंबरमध्ये आकडा ०.९च्या खाली गेला तर या प्रकरणावर पडदा टाका. तो पुन्हा एक ते तीनच्या दरम्यान आला तर ‘पुन्हा पॉझिटिव्ह’ असे म्हणून खचू नका. त्या वेळी वेगळ्या तंत्राच्या, वेगळ्या कंपनीच्या किटवर, शक्यतो वेगळ्या प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी लागते. या कामी सर्वांत विश्वासाची मानली जाणारी वेस्टर्न ब्लॉट चाचणी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. ती नौपाड्यातल्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये मिळणार नाही, आणि तिच्यासाठी कर्ज काढण्याचीही गरज नाही. दोन निरनिराळ्या तंत्रांचा निकाल जुळला तर व्यवहारात तेवढे पुरते. आकडा चढून पाच-सहाच्या पुढे गेला, तर मात्र तो खरा असण्याकडे कल झुकतो, आणि तरीही दुसऱ्या तंत्राने एकदा ताडून पाहावे असे मी म्हणेन. यात एक अडचण राहते, ती आताच सांगून ठेवते. १४ जूनच्या आधीचा तुमचा रिपोर्ट नाही, त्यामुळे निकाल पक्का पॉझिटिव्ह आला तरी तो याच भेटीतून आला की पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या संबंधातून, हे कुणीही सांगू शकणार नाही. मैत्रिणीला दोष देण्याआधी हे ध्यानात असू द्या.

मैत्रिणीचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकू. तुमच्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी तुम्ही अजून केलेली नाही, ती म्हणजे तिला दोन प्रश्न विचारणे. पहिला, तिला हर्पीस असल्याचे कशावरून ठरले: जखमेतून स्वाब घेऊन पीसीआर केले, की तिच्याही हातात तुमच्यासारखाच आयजीएमचा कागद आहे? तसे असेल तर दोन घाबरलेल्या माणसांनी दोन निरुपयोगी कागदांवरून एकमेकांना आजारी ठरवले आहे, आणि असे प्रत्यक्षात घडते. दुसरा प्रश्न, प्रकार कोणता? इथे तुमच्या रिपोर्टातली दुसरी ओळ कामाला येते. ज्याला एचएसव्ही-१ आधीपासून आहे, त्याला तोच प्रकार दुसऱ्या ठिकाणी नव्याने लागणे फार क्वचित घडते. तिचा प्रकार १ निघाला तर तुमची बहुतेक काळजी तिथेच संपते. स्वाबवर प्रकार २ निघाला असेल तर धोका खरा मानावा लागेल. निरोधाने तो पुष्कळ कमी होतो, पण निरोधाबाहेरच्या कातडीतूनही विषाणू जाऊ शकतो आणि जखम दिसत नसतानाही तो अधूनमधून कातडीवर येत असतो, म्हणून तो शून्य होत नाही. तरीही एकाच भेटीत, निरोध वापरून, लागण न होण्याची शक्यताच जास्त असते. तिने स्वतःहून कळवले, हा तिचा प्रामाणिकपणा आहे. हे प्रश्न तिला चौकशीच्या सुरात विचारू नका.

तिच्या निदानाबाबत तिसरी शक्यताही दवाखान्यात बसून मी पाहिलेली आहे: कागदावर ‘हर्पीस’ लिहिलेले असते आणि ती निघते नागीण. इंग्रजीत नागिणीच्या नावातही हर्पीस हाच शब्द आहे, तिथून हा गोंधळ सुरू होतो. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू, जो म्हातारपणी किंवा अशक्तपणात एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला फोड आणि आग घेऊन उठतो. तो लैंगिक संबंधातून येत नाही आणि तुमच्या रिपोर्टातल्या विषाणूंपेक्षा वेगळा आहे. तुमच्या आईंनी जो प्रश्न विचारला तो म्हणूनच अगदी स्वाभाविक होता, आणि तुम्ही घाईत ‘हो’ म्हणालात हेही मी समजू शकते. पण त्यापायी आता गावाकडचा लेप लावून घेऊ नका. जांघेच्या नाजूक कातडीवर झाडपाल्याचा किंवा चुन्याचा लेप भाजून काढतो, आणि मग खरी जखम तयार होते, जिचे निदान करणे मलाही अवघड जाते. “डॉक्टरांनी बघितलं, नागीण नाही, रक्तात जुन्या संसर्गाची खूण आहे आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा तपासायचंय,” एवढे आईंना सांगा. यात एकही शब्द खोटा नाही. नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो ही त्यांची भीती असेलच, तर नागीण सहसा शरीराची मधली रेघ ओलांडत नाही, त्यामुळे तिचा विळखा पुरा होण्याचा प्रश्नच येत नाही, हेही त्यांच्या कानावर घाला. त्यांना बरे वाटेल.

आता ती खाज. हर्पीसचा पहिला उठाव होतो तो संबंधानंतर साधारण २ ते १२ दिवसांत: आधी झिणझिण्या किंवा आग, मग लालसर कातडीवर पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा झुबका, त्या फुटून दुखरे व्रण, लघवीला जळजळ, जांघेत अवधाण, कधी कसकस. तुम्ही यातले काहीच लिहिलेले नाही. तुम्ही लिहिली आहे ती जूनच्या अखेरीस सुरू झालेली, महिनाभर टिकलेली नुसती खाज. पावसाळ्यात भिजलेली जीन्स अंगावर वाळवत ठाणे ते ऐरोली उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाच्या जांघेत महिनाभर खाज येत असेल, तर माझा पहिला संशय गजकर्णावर जाईल. कडेने चढत जाणारा, मधे थोडा साफ असा गोल चट्टा आहे का ते पाहा. मेडिकलमधून आणलेल्या मलमाची ट्यूब फेकण्याआधी तिच्यावरची नावे वाचा: त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा तसले स्टेरॉइड असेल तर ते आजच बंद करा. त्याने दोन दिवस खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. गेली काही वर्षे आपल्याकडे गजकर्ण इतके चिवट झाले आहे, त्यात या मिश्र मलमांचा मोठा वाटा आहे. ज्यांच्या पाटीवर ‘त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ’ असे लिहिलेले असते अशा कुणाला तरी ही जागा प्रत्यक्ष दाखवा. पाच मिनिटांच्या पाहण्यातून जे कळेल ते पाच हजारांच्या पॅकेजमधून कळत नाही.

पुढे कधी खरोखर पुटकुळी दिसली, तर सप्टेंबरची वाट पाहू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, खपली धरण्याआधी डॉक्टरांकडे जा, वर काहीही लावू नका आणि स्वाबवर एचएसव्ही पीसीआर करून घ्या. त्यात विषाणू सापडला तर तो कोणत्या प्रकारचा हेही कळते, आणि मग रक्ताच्या आकड्यांची उठाठेव उरत नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा फोडाचा तळ खरवडून, काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी शोधत असू. त्या सापडल्या की फार आनंद व्हायचा, पण ती नागीण आहे की हर्पीस, आणि हर्पीस असेल तर कोणता, हे त्या पट्टीवरून कधीच सांगता यायचे नाही. आज पीसीआर हाताशी असताना तो जुना मार्ग पुरेसा मानू नये. पीसीआर निगेटिव्ह आले म्हणजे हर्पीस नाहीच असेही मात्र नाही. जखम वाळत आलेली असली तर ते हुकू शकते.

असायक्लोव्हिरच्या गोळ्या घेऊ नका. जखम नाही, निदान नाही, तर औषध कशावर? गोळी मज्जातंतूत दडलेला विषाणू काढून टाकत नाही, आणि संसर्ग खरा असेल तर सुरुवातीलाच घेतलेल्या गोळ्यांमुळे अँटिबॉडी उशिरा तयार होऊन सप्टेंबरचा निकालच संदिग्ध होण्याची शक्यता आहे.

हर्पीसच्या नादात तुम्ही बाकीच्या तपासण्यांबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही, याचे मला जास्त वाटते. एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तीन तपासण्या तुमच्या प्रसंगानंतर हर्पीसपेक्षा आधी विचारात घ्यायच्या असतात, कारण त्यांचे निदान पक्के होते आणि उपचार वेळेवर सुरू केल्याने आयुष्य बदलते. एचआयव्हीच्या चौथ्या पिढीच्या प्रयोगशाळेतील चाचणीला प्रसंगानंतर ४५ दिवस पुरतात. सिफिलिससाठी तीन महिने धरतात. म्हणून १३ सप्टेंबरच्या त्याच नमुन्यात हे सारे एकदम होऊन जाईल. शासनाच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय असते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयासारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत चौकशी करा, किंवा १०९७ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून जवळचे केंद्र विचारा. लैंगिक संसर्गांसाठीची शासकीय ‘सुरक्षा क्लिनिक’ही त्यांच्याकडून कळतील.

राहिला साखरपुडा. तुमचा खरा प्रश्न हाच आहे, म्हणून मी तो मुद्दाम शेवटी ठेवला. १.६ या आकड्यावर ठरलेले लग्न मोडणे म्हणजे त्या मुलीवर आणि स्वतःवर, दोघांवरही विनाकारण अन्याय आहे. तुळशीचे लग्न यायला अजून अवकाश आहे आणि तुमचा निकाल त्याच्या खूप आधी हातात असेल. तोपर्यंत कोणताही शरीरसंबंध ठेवू नका, एवढेच पथ्य. निकाल निगेटिव्ह आला तर जूनची गोष्ट तिला सांगायची की नाही हा वैद्यकीय प्रश्न राहत नाही, आणि त्यावर मी न्यायाधीश होणार नाही.

निकाल पक्का पॉझिटिव्ह आला, तर मात्र लग्नाआधी तिला सांगितले पाहिजे. तिला, तिच्या मामांना नव्हे आणि मध्यस्थांनाही नव्हे. जगात १५ ते ४९ या वयोगटात सुमारे ५२ कोटी लोकांना एचएसव्ही-२ आहे. त्यांतल्या बहुतेकांना ते माहीतही नाही, आणि त्यांची लग्ने होतात, मुले होतात, संसार चालतात. याने मूल होण्याची क्षमता जात नाही. उठाव होत असतील तेव्हा संबंध टाळणे आणि एरवी निरोध वापरणे यांनी धोका घटतो. जोडप्यांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, बाधित जोडीदाराने व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध रोज ५०० मिलिग्रॅम घेतल्याने दुसऱ्याला होणारी लागण सुमारे निम्म्याने कमी झाली. तिला सांगण्याचे सर्वांत मोठे कारण गरोदरपण आहे. बाईला हा संसर्ग आधीपासून असेल तर बाळाला धोका कमी असतो. तो शेवटच्या तीन महिन्यांत नव्याने लागला तर बाळंतपणात बाळाला गंभीर धोका संभवतो. नवऱ्याला एचएसव्ही-२ आहे हे बाईला आणि तिच्या डॉक्टरांना ठाऊक असेल तर तेवढा काळ सांभाळता येतो, ठाऊक नसेल तर कुणी सांभाळणार नाही. ती कदाचित नकार देईल. तो तिचा हक्क आहे, आणि तुम्ही तिच्या वतीने आजच नकार देऊन तो हक्क काढून घेऊ नये. बोलणे जड जाणार असेल तर दोघे मिळून डॉक्टरांकडे या. असे संवाद आम्ही नेहमी घडवून आणतो आणि त्यातले अवघड वाक्य बहुधा आम्हीच बोलतो.

१३ सप्टेंबरला जाताना घरच्या अॅपवरून बुकिंग करू नका. प्रयोगशाळेत स्वतः जा, अर्जावर आपला मोबाइल क्रमांक लिहा, ‘रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर नको, छापील घेईन’ असे काउंटरवर सांगा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एचएसव्ही-२ टाइप-स्पेसिफिक आयजीजी, आकड्यासह’ असे लिहून घ्या. नुसते ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ छापून देणार असतील तर पैसे भरण्याआधीच दुसरी लॅब बघा. ८ जुलैचा रिपोर्टही सोबत ठेवा, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतील.